डावी सोंड, उजवी सोंड

आमच्या पेणच्या ऑफिसात हार्ड डिस्क भरली की आमचे मालक विनयदादा ती रिकामी करायला लावतात. किस्से मात्र साठतच जातात, ते कोण डिलीट करणार? संध्याकाळी रोह्याच्या गाडीत बसले की एकेक आठवतो आणि मी एकटीच हसते!

* * *

आधी काम सांगते. शेजारीशेजारी ठेवलेल्या दोन कॅमेऱ्यांनी शूटिंग होतं, आपल्या दोन डोळ्यांसारखं. जवळची वस्तू दोन चित्रांत जास्त सरकलेली दिसते, लांबची कमी. त्या फरकावरून आम्ही अंतराचं राखाडी चित्र बनवतो. जवळचं पांढरं, लांबचं काळं. मग कॉम्प्युटरवर धुकं बरोबर हिरोच्या मागे सोडता येतं.

आई म्हणाली, "चांगला रंगीत हिरो राखाडी करता? आणि त्याचा पगार देतात?"

* * *

माझा डावा डोळा लहानपणापासून अधू. थ्रीडी चष्मा लावून सगळे "आई गं!" करत मागे सरकतात, मला पुढे आलेलं काही म्हणजे काही दिसत नाही. इंटरव्ह्यूतच सांगून टाकलं. दादा म्हणाले, "काळं-पांढरं कळतं ना? उद्यापासून ये."

चष्म्याचं काम शेजारच्या टेबलावरच्या प्रमिलाताईंनी आपणहून घेतलं. त्या हमरापूरच्या, घरी गणपतींचा कारखाना. मी राखाडी बघते, त्या चष्म्यातून सांगतात, "जवल आला गो. आता लांब गेला." देव त्यांचं भलं करो!

* * *

एकदा डाव्या कॅमेऱ्याचं फुटेज उजव्याच्या फोल्डरात गेलं आणि उजव्याचं डाव्याच्या. सगळं उलटं! धुकं सोडलं तर मागची भिंत लख्ख आणि हिरो गायब. दादा डोकं धरून बसले.

प्रमिलाताई म्हणाल्या, "कारखान्यात ऑर्डर घेताना आमी पयलं इचारतो, सोंड डावी का उजवी? मग चूक व्हत नाय."

तेव्हापासून आमचे फोल्डर 'डावी सोंड' आणि 'उजवी सोंड'. आम्हाला काम देणाऱ्या मुंबईच्या स्टुडिओचा मेल आला, "सगळ्या फाइल्स बघितल्या. हत्ती कुठे आहे?"

* * *

मिठागरावर टेस्ट शूट केलं. पाण्यात आभाळ दिसत होतं, म्हणून कॉम्प्युटरने पाणी आभाळाइतकं लांब धरलं. स्क्रीनवर काळाकुट्ट खोल समुद्रच! प्रमिलाताईंच्या सासऱ्यांचा जन्म मिठागरात गेलेला. स्क्रीन बघून म्हणाले, "घोट्याएवरं पानी हाय. यात तुमी जहाज बुडवाल!"

* * *

परवा मुंबईचे सुपरवायझर आले. मोठं काम द्यायचं होतं, पण अट एकच. जो माणूस चेकिंग करतो, त्याने चष्मा लावून त्यांच्यासमोर शॉट पास करायचा. आमच्याकडे चेकिंग माझं. माझ्यापायी सगळ्यांचं काम जाणार!

प्रमिलाताई कुजबुजल्या, "मी बसते गो तुज्या जागेवर."

दादा म्हणाले, "नाही. तीच बसेल."

साहेबांनी चष्मा पुढे केला. मी म्हटलं, "सर, मला एकाच डोळ्याने दिसतं. चष्म्याचा मला उपयोग नाही, मी राखाडीवरून तपासते. हिरोच्या कानामागची भिंत कानाइतकीच पांढरी आलीय, म्हणजे त्याला चिकटलीय. शॉट अजून पास नाही."



साहेबांनी चष्मा टेबलावर ठेवला. खुर्ची माझ्याजवळ ओढली, तळहाताने स्वतःचा डावा डोळा झाकला आणि म्हणाले, "हं. आता दाखव, तुला दिसतं तसं."

मी मागे वळून बघते तर प्रमिलाताईंनीही एक डोळा झाकलेला. आणि दादांनी घाईघाईत दोन्ही!