बाबुरावांचे सुतळी बॉम्ब

खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात बाबुरावांचा सारा जन्म गेला. काडतुसं पेटीत भरायची, पेटी बंद करायची, पुढे सरकवायची. गेटवर अंगझडती, अंगात बिनखिशाचे कपडे, आणि आतली सारी शिस्त एकाच गोष्टीसाठी, की कुठे आवाज होता कामा नये. ही शिस्त त्यांनी घरीही आणली होती. स्वयंपाकघरात कुकरचं झाकण पडलं तरी हे बाहेर ताडकन उभे. त्यांच्या घरी कधी फटाका वाजला नाही. दिवाळीत दारं-खिडक्या लावून घ्यायचे आणि धाकटी पूर्वा बापाला बिलगून, डोळे गच्च मिटून बसायची. बाबुरावांच्या बायको शैलाबाई म्हणायच्या, बापलेकीला देवानं एकच काळीज दिलंय, आणि तेही सशाचं.

आणि हीच मुलगी फौजेत भरती झाली. थोरल्या बुद्धभूषणनं हिंजवडीच्या आपल्या आयटी कंपनीत तिच्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. एसी, कॅन्टीन, न्यायला-आणायला गाडी. ते सगळं सोडून ही बंगळूरला मिलिटरी पोलिसांच्या ट्रेनिंगला गेली. कापलेल्या केसांचा तिचा फोटो आला तेव्हा बाबुराव कितीतरी वेळ बघत राहिले. पाठीवर ओझं घेऊन उजाडायच्या आत धावणारी ही पोरगी आपल्या घरात आली कुठून, याचं त्यांना खरोखर नवल वाटे.

फोन फक्त रविवारी यायचा. मग मधे मोबाइल ठेवून नवरा-बायको सकाळपासून त्याच्याकडे बघत बसायची. दूध उतू गेलं तरी उठायचं कुणी, हा प्रश्न असे.

दिवाळीच्या तोंडावर एका रविवारी पूर्वा फोनवर रडली. धावण्यात, कवायतीत ती पुढे होती. अडलं होतं फायरिंगला. चाप ओढताना डोळे मिटायचे आणि गोळ्या भलतीकडे जायच्या. शिकवणाऱ्या उस्तादांनी महिनाभराची मुदत दिली होती. तेवढ्यात नेम जमला नाही, तर सरळ घरी.

"बाबा, मला नाही जमणार. त्यांनी काढण्याआधी तुम्हीच येऊन मला घेऊन जा."

बुद्धभूषणनं तिथल्या तिथे लॅपटॉप उघडून विमानाची तिकिटं बघायला घेतली. शैलाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. रायफलीमागे मिटणारे ते डोळे आपलेच आहेत, हे बाबुरावांना कळून चुकलं होतं. आपली भीती पोरीनं सामानासारखी बंगळूरपर्यंत वाहून नेली होती.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर ते खडकी बाजारातून सुतळी बॉम्ब घेऊन आले. शैलाबाईंना वाटलं, यांचं डोकं फिरलं. क्वार्टरमागच्या मैदानात त्यांनी एक बॉम्ब मांडला, हात लांब करून उदबत्तीनं वात पेटवली, मागे पळाले आणि वळून उभे राहिले. बॉम्ब वाजला तेव्हा डोळे मिटलेले होते. दुसऱ्यालाही तेच. शैलाबाई समोर उभ्या राहून निकाल सांगत होत्या, "मिटले." वरच्या मजल्यावरच्या शेजारीण श्यामलाबाईंनी गॅलरीतून विचारलं, भाऊजी नातवंडांची वाट न बघता स्वतःच लहान झाले वाटतं. शैलाबाईंनी वरती पाहिलंसुद्धा नाही.

रोज संध्याकाळी हेच चाललं. आणि एकदा बाबुरावांना उजेड दिसला, सुतळीच्या चिंध्या हवेत उडताना दिसल्या, मग धूर दिसला.

"उघडे होते," शैलाबाई म्हणाल्या.

पुढच्या रविवारी बाबुरावांनी लेकीला सगळं सांगितलं. सुरुवातीला ती हसली, मग ऐकत राहिली. "हे बघ, आमच्याकडे आवाज झाला तर घात," ते म्हणाले. "तुझ्याकडे आवाज झाला म्हणजे आम्ही काम चोख केलं. गोळी वाजली नाही तर घाबर." घेऊन जायला येता का, असं मग तिनं विचारलं नाही. त्यांनीही तिकिटाचा विषय काढला नाही.

मुदत संपली त्या रविवारी फोन यायला फार उशीर झाला. बाबुरावांना चहाही गिळवेना. अखेर वाजला.

"बाबा, पास झाले मी. डोळे उघडे होते. गोळी लागल्यावर मागच्या मातीच्या भरावावर धूळ उडाली, तीसुद्धा दिसली मला."

बाबुरावांच्या हातून पेटीत गेलेल्या काडतुसांची गणतीच नव्हती. त्यातलं एकही सुटताना त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांना एकदम लहान मुलासारखं झालं.

"कसं दिसतं गं ते?" त्यांनी विचारलं.

पूर्वा सांगू लागली. खांद्याला बसणारा दणका, कागदाला पडलेलं भोक, ती धूळ. मध्येच शैलाबाईंनी हात धरून बसायची खूण केली, तेव्हा कुठे बाबुरावांच्या लक्षात आलं की आपण केव्हाचे उभे आहोत, गेटवर मोठे साहेब आल्यावर राहायचो तसे, ताठ. ते बसले नाहीत.