किसका चाँद?

यातलं किती मला खरंच आठवतं आणि किती मुजावरने पुन्हापुन्हा सांगितल्यामुळे आठवतंय असं वाटतं, हे मी आता शपथेवर सांगू शकणार नाही. दिल्लीतल्या आमच्या कॉलेजात फिजिक्सला तिघे मराठी होतो: मिरजेचा मुजावर, आमच्यात वयाने वडील असलेले साठे आणि मी. एका स्टाफरूममध्ये आयुष्य काढलं की किस्से साचतातच, कपाटावरच्या धुळीसारखे. मुद्दाम कोणी आणून टाकत नाही. त्यातले साठेंचे सांगतो. शेवटच्या प्रसंगी मी खोलीत नव्हतो. म्हणून तेवढा मात्र तपासून घेतलाय.

*

चंद्राची कक्षेतली चाल काढणं हा साठेंचा आवडता प्रश्न. पोरं उत्तर घोकूनच यायची. "सर, वन पॉइंट ज़ीरो टू किलोमीटर पर सेकंड!"

साठे विचारत, "किसका चाँद?"

पोरं वह्या चाळू लागत.

"चाँद भारी है या हल्का, कोई फ़र्क़ नहीं. किसके चक्कर काट रहा है और कितनी दूर से, बस यह पूछो."

मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, हॉस्टल में हम भी यही पूछते हैं!"

*

पेपरात ग्रहाचं नाव लिहिलं नाही तर साठे अर्धा मार्क कापत. एकदा विभागप्रमुख वैतागले. "साठेजी, पृथ्वी का ही होगा, और किसका होगा?"

"मंगल के तो दो हैं, सर. उनका क्या क़सूर?"

तेव्हापासून त्यांचं नावच पडलं, 'किसका चाँद'.

*

करवा चौथची संध्याकाळ. साठे राहायचे त्या मुनिरकाच्या फ्लॅट्सच्या गच्चीवर उपाशी बायका चाळण्या घेऊन उभ्या. शेजारच्या मल्होत्राबाईंनी साठेंना विचारलं, "भाईसाहब, चाँद निकला क्या?"

सवयीने साठे बोलून गेले, "किसका?"

"हाय राम, मेरे वाले का!"

साठेवहिनी हसून हसून खाली बसल्या. त्यांना इतकं हसताना मी नंतर पाहिलं नाही. पुढच्या वर्षी त्या गेल्या.

*

मग साठे विसरू लागले. गॅस, किल्ली, वार. मुलगी अनघा फरीदाबादला राहायची. ती म्हणाली, "डॉक्टर ठीक म्हणाले तर बाबा इथे एकटे राहतील. नाहीतर माझ्याकडे." साठेंना मुनिरका सोडायचं नव्हतं. वहिनींच्या कुंड्यांना पाणी कोण घालणार?

त्यांनी आम्हा दोघांना डॉक्टरांच्या तपासणीआधी रिव्हिजनला बोलावलं. मुजावरने विचारलं, "आज वार कोणता?"

"हा सिलॅबसबाहेरचा प्रश्न आहे!"

आम्ही हसलो. साठे हसले नाहीत. हळूच म्हणाले, "पुन्हा विचार. पण आधी उत्तर सांग."

*

तपासणीच्या दिवशी आम्ही दोघे बाहेर बाकावर बसलो होतो. दार उघडं होतं तोवरचं एवढंच ऐकू आलं. डॉक्टर: "चलते कैसे हैं? चाल धीमी हुई है?"

साठे: "औसत चाल या तात्कालिक?"

मुजावर माझ्या कानात पुटपुटला, "पास!"

मग कोणीतरी दार लावलं.

अनघा बाहेर आली ती डोळे पुसत. "बाबा चुकले, काका. स्वतःच्याच विषयात."

*

फरीदाबादला आम्ही भेटायला जायचो. कुंड्या तिथे आणल्या होत्या, एक-दोन जगल्या होत्या. साठे त्यांच्याशेजारी बसून असत. एकदा त्यांना खुलवायला मुजावर म्हणाला, "काय साठे, किसका चाँद?"

साठेंनी त्याच्याकडे पाहिलं. "मला नका विचारू. मला येत नाही ते."

त्या हिवाळ्यात साठे गेले.

*

काही वर्षांनी अनघाकडे जेवायला गेलो होतो. ताटं उचलता उचलता ती आपणहून सांगू लागली. तपासणीच्या दिवशी बंद दारामागे डॉक्टर म्हणाले होते, "अंकल, फ़िज़िक्स पढ़ाते थे ना? बताइए, चाँद की स्पीड कितनी है?"

"किसका चाँद?"

डॉक्टरांनी अनघाकडे पाहिलं, मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "कोई-सा भी, अंकल."

साठेंनी डोळे मिटले. बोटाने गुडघ्यावर काहीतरी मांडलं. म्हणाले, "दो पॉइंट एक चार."

डॉक्टरांनी मोबाइलवर पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली.

"दोन पॉइंट एक चारच म्हणाले? नक्की?" मी विचारलं.

"तो आकडा मी कसा विसरेन, काका?"

घरी येऊन मी गणित केलं. स्वतःवर भरवसा नाही, म्हणून मुजावरकडूनही करून घेतलं. मंगळाचा जवळचा चंद्र, फोबोस. त्याची चाल सेकंदाला २.१४ किलोमीटर आहे.