दीड दिवसाचा बगीचा

आमच्या संघाचं लेटरहेड आधी छापून आलं, सभासद नंतर मिळाले.

मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. जालन्यातल्या लोकांना पुन्हा दारात काहीतरी हिरवं असावंसं वाटू लागलं होतं, आणि आम्हां सात रोपवाटिकावाल्यांना एकाएकी वाटू लागलं की आपली एक संघटना पाहिजे. कशासाठी, हे कोणी विचारलं नाही. (संघटनेच्या बाबतीत हा प्रश्न विचारायचा नसतो.) नाव ठरलं, ‘जालना रोपवाटिका व उद्यानरचना व्यावसायिक संघ’. ते इतकं लांबलं की रबरी शिक्क्यावर ‘संघ’ हा शब्द मावेना. तो खाली वेगळ्या ओळीत एकटाच उभा राहिला.

अध्यक्ष व्हायला मात्र कोणी तयार नव्हतं. पद बिनपगारी, आणि जो तो कामाच्या घाईत. शेवटी आमचे चिटणीस खुशालराव म्हणाले, “ज्याच्यावाचून नर्सरीचं काम बिलकुल अडत न्हाई, असा माणूस पाहिजे.”

सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं!

त्यांचंही बरोबरच होतं. आमची नर्सरी माझ्या नावावर होती, पण चालवायची सुमन, म्हणजे माझी बायको. खतमाती कालवणं, गुटी बांधणं, गुलाबांचे डोळे भरणं, गिऱ्हाइकांशी हुज्जत घालणं, सगळं तीच करायची. मी पुस्तकं वाचायचो आणि रोपांच्या पाट्या रंगवायचो. उरलेला वेळ गावातल्या हारतुऱ्यांची, भाषणांची, खुर्चीला चिकटलेल्या लोकांची टिंगल करण्यात जायचा. अध्यक्ष झालो आणि तिसऱ्या दिवशी लग्नातला कोट इस्त्रीला टाकला.

“घ्या की अध्यक्षपद,” सुमन म्हणाली होती. “घरात तेवढंच कमी बोलाल.”

आणि लगेच संधी आली! थंडीला नुकती सुरुवात झाली होती. औरंगाबादहून एक फार मोठे साहेब चार दिवसांनी येणार होते. विश्रामगृहासमोरच्या मैदानात एक बोरीचं झुडूप आणि तीन गाढवं, एवढंच वैभव होतं. गावातल्या कारभारी मंडळींनी मला बोलावून विचारलं, “साहेबांसाठी इथं बगीचा होईल का?”

“अवश्य!” मी ओरडलोच. मला पहिल्यांदाच कोणीतरी काहीतरी अध्यक्ष म्हणून विचारलं होतं.

चार दिवसांत बगीचा! चार दिवसांत धड कोथिंबीर उगवत नाही. तातडीची सभा भरली. तोडगा काढला मस्तगडच्या करीमभाईंनी. त्यांच्याकडची रंगीत पानांची क्रोटनं लग्नाच्या मांडवांत भाड्यानं इतकी जायची की गावात लग्न ठरलं की मुलीच्या बापाआधी त्यांना कळायचं.

“सीधी बात हाय,” ते म्हणाले. “शादीच्या मांडवात आपण काय करतो? कुंड्या मांडतो, वरात गेली की उचलतो. हितं फक्त कुंड्या गळ्यापर्यंत जमिनीत गाडायच्या. वरून माती लोटली की झाला बगीचा! साहेब आले, बघितलं, गेले. मंग ज्याची कुंडी त्यानं काढून न्यायची. दीड दिवसाचा तर खेळ हाय.”

टाळ्या पडल्या. आपापली कुंडी ओळखू यावी म्हणून काठाखाली रंगाचा ठिपका द्यायचं ठरलं. करीमभाईंचा हिरवा, खुशालरावांचा पिवळा, माझा तांबडा.

“पण मधोमध काय लावायचं?” खुशालराव म्हणाले. “मधलं झाड अध्यक्षांचं पाहिजे. मान हाय तो.”

मान! हा शब्द कानावर पडला आणि मला आमच्या मोरीमागचा गुलाब दिसू लागला.

त्या गुलाबाची हकीकत सांगायला हवी. तीन वर्षांपूर्वी एका जुन्या झाडावर एक फांदी भलत्याच रंगाची निघाली होती, काळपट लाल. फूल बशीएवढं. सुमननं त्या एका फांदीवरून हे एकच झाड वाढवलं. जुनं झाड पुढं वाळून गेलं. तसला गुलाब जालन्यात दुसरा नव्हता. वास नव्हता त्याला, पण तोरा होता. तिनं त्याला अजून नावही दिलं नव्हतं. त्या थंडीत त्याच्यावरून पहिली रोपं करायची, अशी तिची तयारी चालली होती. पुढचं सगळं वर्ष त्या एका कुंडीवर उभं होतं. भावाच्या मुलाच्या बारशाला ती घनसावंगीला माहेरी गेली, तेव्हा एसटीच्या पायरीवरून तिनं मला बजावलं होतं, “गुलाबाला पाणी घाला. अन् लांबूनच घाला.”

मी हिशेब केला. साहेब बाराला जाणार. सुमन त्याच दिवशी पाचच्या बसनं येणार. मधल्या वेळात कुंडी जागेवर! तिला काय कळणार?

बगीचा असा काही झाला की गाढवंसुद्धा कडेला उभी राहून बघू लागली. पामची रांग, क्रोटनचे गोल, आणि मध्यभागी आमचा गुलाब, पाच फुलांनी फुललेला! मी एक पाटीही रंगवून ठोकली: ‘फुले, पाने व झाडे यांना हात लावणारा दंडास पात्र राहील. हुकुमावरून, अध्यक्ष.’ खाली माझं संपूर्ण नाव. (नावाची अक्षरं मजकुराच्या दुप्पट झाली, ती ब्रशाची चूक.)

साहेब आले. साहेबांनी पाहिलं. साहेब गहिवरले!

“दुष्काळाला तोंड दिलेल्या या गावात,” ते ध्वनिक्षेपकावरून म्हणाले, “असा बगीचा! हा बगीचा मी आज जालन्याच्या जनतेला अर्पण करतो! इथलं एक पानही हलता कामा नये. आत्तापासून इथं कायमचा पहारेकरी राहील!”

प्रचंड टाळ्या! सगळ्यांत जोरात माझ्या. करीमभाईंनी मला चिमटा काढला तेव्हा थांबलो.

“अध्यक्षसाब, टाळ्या कशाला वाजवून राह्यले? आपली झाडं गेली ना!”

साहेबांची गाडी वळली मात्र, संघानं मला घेरलं.

“माझे बारा पाम हायेत त्यात!” खुशालराव किंचाळले. “ठराव करा!”

“कसला?”

“निषेधाचा!”

“कोणाच्या?”

“तुमच्या!”

ठराव सहा विरुद्ध शून्य मतांनी पास झाला. माझं लक्ष घड्याळाकडे होतं. एक वाजला होता. पाचला बस. चार तासांत गुलाब मोरीमागं नसता तर अध्यक्षपदच काय, नवरेपदही धोक्यात होतं!

मी झारी घेतली आणि बगीच्यात शिरलो. पहारेकरी रुजू झाला होता. नामदेव नावाचा धिप्पाड गडी, हातात काठी, गळ्यात कोरी करकरीत शिट्टी.

“काय पाहिजे?”

“पाणी घालून राह्यलो.”

“कोट घालून?”

“मी अध्यक्ष आहे.”

“कशाचा?”

एवढ्या दिवसांत हा प्रश्न पहिल्यांदाच कोणीतरी विचारला होता. मी गुलाबाला पाणी घालू लागलो. घालतच राहिलो. तेवढ्यात एक गाढव क्रोटनकडे निघालं. नामदेव काठी उगारून तिकडे धावला, आणि मी कुंडीला मिठी मारली!

इथं माझं ज्ञान आडवं आलं. म्हणजे, नसलेलं. दोन झाऱ्या पाणी घालून मी कुंडीभोवती असा चिखल केला होता की ती जागची हलेना. मी ओढली, ती रुतली. मी आणखी ओढली. शेवटी ‘फच्च’ असा आवाज झाला, मी चिखलात बसलो, कुंडी मांडीवर आली आणि गुलाबाचे काटे कोटाच्या दोन्ही बाह्यांत अडकले. शिट्टी वाजली. कोऱ्या शिट्टीचा आवाज फार लांब जातो! पाच मिनिटांत पन्नास माणसं जमली.

नामदेवनं काठीनं पाटी दाखवली. “हे वाचता येतं का?”

“मीच लिहिलंय ते.”

“मंग तर डबल गुन्हा!”

त्याच क्षणी रस्त्याच्या कडेला एक जीप थांबली. घनसावंगीची, टपापर्यंत माणसं भरलेली. तिच्यातून सुमन उतरली. बस चुकेल म्हणून ती आधीच्या जीपनं आली होती!

गर्दी बाजूला झाली. तिनं चिखल पाहिला, कोट पाहिला, कोटातला मी पाहिला. मग गुलाब पाहिला, आणि तिचा चेहरा असा झाला की नामदेवनंही शिट्टी तोंडातून काढली.

“अहो,” ती अगदी हळू म्हणाली, “हे हितं कसं आलं?”

“अगं, ते... जनतेला अर्पण झालं.”

ती खाली बसली. एकेका फांदीवरून बोट फिरवलं. पुढं माझ्याकडे पाहिलंच नाही. नामदेवला म्हणाली, “भाऊ, हे झाड घरी नेता येत न्हाई?”

“बिलकुल न्हाई, ताई. साहेबांचा हुकूम हाय.”

“बराबर हाय. पण हे दांडगे शेंडे छाटावे लागतात. न्हाई तर झाड बसतं. छाटू का?”

“छाटा की! कुणीतरी कळतं माणूस पाहिजेच हितं.”

पिशवीतून कात्री निघाली. माहेराहून मोगऱ्याच्या काड्या आणायला नेली होती. कच्, कच्, कच्. आठ काड्या. झारीत उरलेल्या पाण्यात रुमाल भिजवून तिनं त्या गुंडाळल्या, कुंडी स्वतः खड्ड्यात बसवली, माती दाबली आणि उठली. सगळं मिळून पाच मिनिटं.

घरी जाताना तिनं तोंड उघडलं. “एकेका काडीवर पाच-सहा डोळे हायेत, कोंब फुटतात ते. हे डोळे रानगुलाबाच्या खुंटावर बसवले की चाळीस रोपं झाली. झाड कशाला चोराया गेल्ते?”

मी नर्सरीचा मालक होतो. अकरा वर्षं! शिवाय शिक्क्यासह अध्यक्ष. आणि गुलाब काडीवरून होतो, ही गोष्ट त्या सगळ्या धांदलीत माझ्या डोक्याच्या वाऱ्यालाही उभी राहिली नव्हती.

आठवड्याभरात जमिनीत कोंडलेल्या कुंड्यांमधली झाडं पिवळी पडू लागली. सुमननं सभासदांना तिथंच उभं केलं. “कुंड्या जागच्या जागी फोडा. मुळ्या मोकळ्या होऊ द्या. लोकं बगीचा बघतील, मंग झाडं मागायला कुणाकडं येतील?”

“भाभी बराबर बोलून राह्यली,” करीमभाई म्हणाले आणि पहिली कुंडी त्यांनीच फोडली. दीड दिवसाचा बगीचा जालन्यात टिकला. पुढच्या सभेत सुमन एकमतानं अध्यक्ष झाली. खुर्च्या मी मांडल्या.

तिनं खुंटांवर बसवलेल्या डोळ्यांपैकी बहुतेक सगळे फुटले. पुढच्या हिवाळ्यात त्या रोपांना पहिली फुलं आली, तेव्हा एका गिऱ्हाइकानं विचारलं, “बाई, ह्या गुलाबाचं नाव काय?”

सुमननं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. “माजी अध्यक्ष.”

“वास न्हाई का ह्याला?”

“बिलकुल न्हाई. पण फूल भलं मोठं. दारात शोभतं.”

त्यानं दोन नेली. मग सगळेच ‘माजी अध्यक्ष’ मागू लागले, आणि रोपांना पाटी लावणं भाग पडलं. ती अर्थातच मी रंगवली. या वेळी ब्रशानं चूक केली नाही. अक्षरं अगदी बारीक काढली.