पाटकऱ्याचा अंगठा

तोताराम पांझरा नदीच्या बंधाऱ्यावरचा पाटकरी. कुणाच्या मळ्याला कधी पाणी सोडायचं, ते त्याच्या फावड्यावर ठरायचं. भांडायला आलेला गडी त्याच्यापुढे गपगार व्हायचा. असा खमक्या माणूस, पण एकेचाळीस साली बायकोच्या दुखण्यानं पार खचला हो!

झुंबरबाईची उजवी पापणी मिटली ती मिटलीच, आणि डोक्यात सदानकदा घुंऽघुं. मुंबईच्या डॉक्टरांनी कपाळाला नळी लावून तो आवाज ऐकला. म्हणाले, "मेंदूतल्या रक्तवाहिनीला मोठा फुगा आलाय. फुटला तर बाई हाती लागायची नाही. मानेतली उजवी शीर बांधली की फुग्यावरचा जोर कमी होईल. पण एकदम बांधली, तर डावं अंग लुळं पडेल. म्हणून आधी रोज ती अंगठ्यानं दाबायची. डावीकडच्या रक्ताला इकडची वाट सापडू द्यायची. दहा मिनिटं सोसलं, तरच शस्त्रक्रिया."

"साहेब, हे तर आमचंच काम!" तोताराम म्हणाला. "मोठा पाट एकदम बुजवला की पाणी बांध फोडतं. बेताबेतानं अडवलं की दुसरीकडून पोचतं." डॉक्टरांनी त्याचा अंगठा धरून नेमकी जागा दाखवली आणि चार दिवस समोर बसवून दाबायला शिकवलं.

घरी ओट्यावर रोज तोच कार्यक्रम. शाळामास्तरांचं घड्याळ समोर, अंगठा मानेवर. झुंबरबाईनं डाव्या हातानं तुरीचा एकेक दाणा ताटलीत टाकायचा. हात थबकला की अंगठा उचलायचा. पहिल्या दिवशी दोन मिनिटांतच दाणे सांडले. तोतारामनं झटक्यात अंगठा उचलला.

तिसऱ्या दिवशी शेजारची धुरपदाबाई ताक मागायला आली आणि तिनं बोंबच ठोकली, "धावा वं माय! तोतारामनी बायकोना गळा धरा!" तो बायकोचा गळा दाबतोय असं समजून अर्धी गल्ली लोटली. एकानं तर तोतारामची गचांडी धरली.

"सोडा त्यासले!" झुंबरबाई कडाडली. "मना जीव वाचाडी राह्यनात ते!"

धुरपदाबाई अशी ओशाळली म्हणता! दुसऱ्या दिवसापासून तीच घड्याळाकडे डोळे लावून बसू लागली. चौथ्या आठवड्यात दहा मिनिटं भरली, हात थांबला नाही. मुंबईत शीर बांधली. महिन्यानं झुंबरबाई घरी आली. डोक्यातली घुंघुं गेली होती, पापणी तेवढी अर्धीच उघडत होती.

संध्याकाळी ओट्यावर बसल्यावर तोतारामचा अंगठा सवयीनं तिच्या मानेवर गेला, आणि खाली काहीच उडेना. ज्या ठोक्याला इतके दिवस जीव टांगला होता, तो गेला होता. शीर बांधलीय, हे काय त्याला ठाऊक नव्हतं? तरी तो गडी लहान पोरासारखा हमसून रडला.

झुंबरबाईनं त्याचं मनगट पकडलं आणि अंगठा मानेच्या दुसऱ्या बाजूला नेऊन टेकवला.

"तठे पानी बंद शे," ती म्हणाली. "आठे देखा."

मनगट तिनं डाव्या हातानं धरलं होतं, आणि ती पकड चांगली घट्ट होती.