भिलाचा बंब

गाडी माणकचंद शेठची, पण चालवतो मी, म्हणून तळोद्यात तिला सगळे भिलाची गाडीच म्हणतात. शाळेची जुनी बस होती. शेठनी बाकं काढून झोपायच्या फळ्या बसवल्या, मागे ओटा केला, ओट्याखाली गॅसची टाकी, आणि ओट्याच्या शेजारी साखळीनं बांधलेला तांब्याचा बंब. चातुर्मासात कुठं कुठं त्यांचे जैन साधू-साध्वी असतात, त्यांच्या दर्शनाला शेठचं कुटुंब जातं. मुक्काम गाडीत, स्वयंपाक गाडीत, आंघोळही गाडीतल्या बंबाच्या पाण्यानं. लोक हसायचे. हसेनात का! जे हसायचे तेच नंतर विचारायला यायचे, भिला, गाडी भाड्यानं मिळेल का.

पण मला सांगायचं आहे ते बाईंबद्दल. बाई म्हणजे धनकंवरबाई, शेठच्या मालकीणबाई.

बाई दोंडाईच्याच्या. लग्न होऊन तळोद्यात आल्या आणि शेठच्या भांड्यांच्या दुकानात बसल्या त्या अजून बसल्याच आहेत. घरात मारवाडी बोलतात, आमच्याशी अहिराणी, आणि डोंगरातून बाजाराला आलेल्या बायांशी त्यांच्या बोलीत. घागर वाजवून दाखवतील, ताट उन्हात धरून दाखवतील, आणि गिऱ्हाईक काहीच न घेता निघालं तरी त्याला आधी पाणी पाजतील. मी इतकी वर्षं बघतोय, ह्या माणसाला कशाचा राग येतो ते मला अजून कळलेलं नाही. मला येतो, दिवसातून चारदा येतो. त्या माझ्या शेजारच्या सीटवर बडीशेप चघळत बसतात आणि मी ट्रकवाल्यांना शिव्या घातल्या की म्हणतात, "भिला, तो ऐकी नही ऱ्हायना, मीच ऐकी ऱ्हायनू."

पाणी त्यांच्या साध्वींसारखं उकळलेलंच पितात. कुठल्याही गावात, कितीही उन्हात. गार पाण्याचा माठ समोर असला तरी आपल्या बाटलीतलंच. आणि ते पाणी गाडीतल्या त्या बंबातलं, बंब बाईंच्या माहेरचा.

बंबाची गोष्ट अशी. बाईंना एक मोठी बहीण, सायर नावाची. दोघी लहानपणी ह्याच बंबाच्या पाण्यानं न्हायल्या. पहिली बादली कोणाची यावरून भांडायच्या, असं बाई हसत हसत सांगतात. एकदा त्या भांडणात बंब आडवा पडला आणि त्याला पोटावर पोचा आला, तो अजून आहे, आणि तेव्हा बंब बुडातून गळायचाही. मग सायरबाईंनी दीक्षा घेतली. साध्वी झाल्या, राजस्थानात गेल्या, पायी पायी फिरत राहिल्या. बाई दर्शनाला जायच्या, पण तिथं शहरात शंभर घरं पात्रात काही घालायला रांगेत उभी. बाईंचा नंबर कधी लागलाच नाही. एवढीच एक गोष्ट बाईंच्या मनात राहिलेली. मला म्हणाल्या होत्या, "भिला, एकदा मन्हा हातनं पानी तिन्हा पात्रमा पडो, बस."

आणि ह्या पौषात निरोप आला. मोठ्या महासतीजी, म्हणजे सायरबाईच, गुजरातेतून निघाल्या आहेत, अक्कलकुव्यावरून तळोद्याच्या रस्त्याला येणार.

नेमका तेव्हाच बंब परत गळायला लागला. बुडाच्या सांध्यातून थेंब थेंब, तो खाली गॅसवर, आणि गॅस विझायचा. नळ नुसता गोल फिरायचा. शेठ म्हणाले, दुरुस्त करू. त्यांचा मुलगा तरुणभाऊ सुरतेहून आला होता, तो म्हणाला, "पप्पा, ह्याला एक तर उकळता येतं नाही तर गळता येतं. फेका आता." दोन दिवस घरात दुसरा विषय नाही. जेवताना बंब, दुकानात बंब. मला कोणी विचारलं नाही, तरी मी सांगितलं की तांबं आहे, डाग दिला की अजून वीस वर्षं जाईल. तरुणभाऊ माझ्याकडे बघून नुसतं हसला. बाईंना विचारलं तर बाई म्हणाल्या, "पानी उकयनं म्हंजे व्हयनं." पाणी उकळलं म्हणजे झालं! आता ह्यावरून कोणी काय ठरवायचं?

शेवटी तरुणभाऊनं ठरवलं. सुरतेहून स्टीलचा बॉयलर मागवला, हॉटेलात चहाला असतो तसा. चकचकीत, लाल-हिरवे दिवे, पाणी उकळलं की घंटी वाजते. अहो, देवळात वाजावी तशी वाजते! शेठ म्हणाले, बंब भंगारात दे. मी म्हटलं, मला द्या. शेठनी हात हलवला, ने म्हणाले.

मी तो कल्हईवाल्या वाहरूकडे नेला. त्यानं बुडाला डाग दिला, नळ बदलला, आतून कल्हई केली. पोचा काढू का, म्हणाला. मी म्हटलं, असू दे. खरं सांगायचं तर बंब मला माझ्यासाठी हवा होता. मागच्या साली कावीळ झाली तेव्हापासून डॉक्टरनं पाणी उकळूनच प्यायला सांगितलंय, आणि त्या नव्या डब्याला तर तरुणभाऊ हात लावू देईना. शिवाय थंडीत मला गार पाण्यानं आंघोळ होत नाही. मी बंब गाडीच्या मागे दोरीनं बांधला आणि पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांची, एक मोळी टपावर टाकली.

आम्ही अक्कलकुव्याच्या अलीकडे एका गावात जाऊन थांबलो. रविवार होता, शाळा रिकामी, साध्वींची उतरायची सोय तिथंच. मी सकाळी उठून शाळेबाहेरच्या लिंबाखाली बंब पेटवला. धूर झाला. शेठ खोकले आणि मला बोलले. मी ऐकलं नाही असं केलं. गाडीत तिकडे घंटी वाजली, इकडे माझ्या बंबाचं झाकण खडखड वाजायला लागलं. विस्तव विझू दिला, प्यायचं पाणी परातीत काढून निवत ठेवलं, उरलेलं आंघोळीला.

साध्वी आल्या. तिघी होत्या, मोठ्या महासतीजी काठी टेकत मागे. तोंडाला पांढरी पट्टी, अनवाणी पाय, टाचा भेगाळलेल्या. बाईंनी जमिनीवर डोकं टेकून वंदन केलं आणि मग तिथंच बसून राहिल्या. त्यांना उठवलं मीच. थोडा विसावा घेऊन महासतीजी लाकडी पात्र घेऊन गाडीपाशी आल्या. बाई बॉयलरचं पाणी कळशीत घेऊन उभ्या होत्या. आणि चेहरा! असा चेहरा मी त्यांच्या मुलाच्या लग्नातही बघितला नव्हता.

आणि तरुणभाऊ हात जोडून पुढे झाला. "महाराजसाहेब, खास तुमच्यासाठी नवीन घेतला. सुरतेहून मागवला!"

दुसऱ्या कुठल्याही घरी पाहुणा खूष झाला असता. पण ह्यांचं उलटं आहे. ह्यांच्यासाठी म्हणून काही केलं की ते ह्यांना चालत नाही. घरच्यांनी आपल्यासाठी केलेल्यातलं थोडं, तेवढंच घ्यायचं, असा नेम. तरुणभाऊ लहानपणापासून वसतिगृहात वाढलेला, त्याला कोण शिकवणार? मला मात्र ते गाडी चालवता चालवता ऐकून पाठ झालेलं. 

महासतीजींनी पात्र मागे घेतलं. शेठ गडबडीनं म्हणाले, "नाही नाही, पोरगं काहीही बोलतं. आम्ही रोज हेच पितो."

महासतीजींनी त्यांच्याकडे बघितलंच नाही. बाईंना विचारलं, "खरं काय आहे?"

एक शब्द खोटा बोलायचा होता. आम्ही कोणी कुठं सांगायला जाणार नव्हतो. पण बाईंनी कळशी खाली ठेवली. "खरं शे. तुमनासाठेच लिधा."

 गावात उकळलेलं पाणी कोणाकडे असणार? म्हणजे ह्या म्हाताऱ्या बाईनं तळोद्यापर्यंत बिनपाण्याचंच चालायचं. तरुणभाऊचा चेहरा रडवेला झाला. मला त्याची कीवही आली आणि एक ठेवून द्यावीशीही वाटली.

महासतीजी वळल्या आणि त्यांची नजर लिंबाखाली गेली. "ते पाणी कोणाचं आहे, भाई?"

"माझं, महाराज."

"कशासाठी उकळलंस?"

मी कावीळ सांगितली, डॉक्टर सांगितला, आंघोळही सांगितली.

"आम्ही येणार म्हणून जास्त ठेवलंस?"

"जास्त कशाला ठेवू? बंब एकदा भरला की भरला. रोज एवढंच असतं."

त्यांनी खाण्यापिण्याचं विचारलं. मी म्हटलं, आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. मग म्हणाल्या, "थोडं देशील? तुला कमी पडणार नाही ना?"

मी तांब्या उचलायला गेलो तर हात पऱ्हाटीच्या राखेनं काळे. बादलीकडे वळलो तशा त्या म्हणाल्या, "आमच्यासाठी हात धुऊ नकोस, भाई." घ्या! धुतले तरी दोष, आणि न धुता कसं द्यायचं? मी बाईंकडे बघितलं. बाई माझ्याकडे बघत होत्या.

"भिला," बाई म्हणाल्या, "तुन्हा पानीमाईन थोडं मी दिऊ का?"

मालकीण ड्रायव्हरला विचारतेय! मी मान हलवली. बाईंनी परातीतलं पाणी तांब्यात घेतलं आणि पात्रात ओतलं, अगदी हळू. धार तुटू दिली नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसायला हात मोकळा नव्हता. महासतीजी "बस" म्हणाल्या तेव्हाच थांबल्या.

जाताना महासतीजी बंबापाशी क्षणभर उभ्या राहिल्या. पोच्याकडे बघितलं. चाळीस वर्षं हिंदी-मारवाडीत बोललेली ती बाई खालच्या आवाजात अहिराणीत म्हणाली, "आजून गयस का हाऊ?"

अजून गळतो का, म्हणून विचारत होत्या. मी म्हटलं, "गळायचा, महाराज. आता नाही."

बाई ओक्साबोक्शी रडल्या आणि रडता रडता हसायला लागल्या. परतीच्या रस्त्यावर तळोद्यापर्यंत पहिल्या बादलीचीच गोष्ट चालू होती. तरुणभाऊ मागे आईच्या बडीशेपेची डबी धरून बसला होता.

घरी पोचल्यावर मी दोरी सोडली आणि बंब बाईंच्या ओट्यावर नेऊन ठेवला. म्हटलं, हा तुमचाच आहे, माहेरचा आहे, ठेवा. चातुर्मासानंतर महासतीजी ह्याच रस्त्यानं परत जाणार, असं त्या सांगून गेल्या होत्या.

बाईंनी पोच्यावरून हात फिरवला. मग बंब माझ्याकडे सरकवला.

"तुन्हाकडेच ऱ्हाऊ दे, भिला. मन्हा व्हयना तर पानी परत तिन्हासाठेच व्हई, आनि ते तिले चालस नही."