भरलेल्या बसचा ब्रेक

“बसमध्ये माणसं किती आहेत, याने ब्रेकला काही फरक पडत नाही.”

आमच्याच रिपोर्टमधलं हे वाक्य वाचलं आणि माझं कामातलं लक्ष उडालं. धायरीहून रोज कोंबलेल्या बसने उभ्याने येणारी मी. मला हे पटेना.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. सदाशिव पेठेतल्या एका फ्लॅटमध्ये आमचं ऑफिस होतं. काम सिम्युलेशनचं, म्हणजे खरी बस पळवण्याआधी ती कॉम्प्युटरवर पळवून बघायची. बस किती अंतरात थांबेल हे टायरमधली हवा, रस्ता, वजन अशा कितीतरी गोष्टींवर ठरतं. त्यांना आम्ही इनपुट म्हणायचो. अशी बस एकदा पळवून बघायची म्हणजे एक रन, आणि एका रनला अर्धा दिवस लागे. एकेक इनपुट बदलून बघायला वेळ कुणाकडे होता? म्हणून गट करायचे आणि गटातलं सगळं एकदम वाढवायचं. उत्तर हललं नाही, तर अख्खा गट बाद.

वजनाचा गट असाच बाद झाला होता. आदल्या दिवशी फोनवर हे ऐकून क्लायंट, म्हणजे बस बनवणारी कंपनी, भरलेल्या बसची ट्रॅकवरची टेस्ट रद्द करणार होती. पुढे तीच बस माणसांनी भरून रस्त्यावर येणार. मला भीतीच वाटली.

मी बॉसकडे, केळकर सरांकडे गेले.

“उत्तर कॉम्प्युटरने दिलंय. आपण त्याच्याहून हुशार का?”

“नाही सर. पण तो बसने येत नाही.”

“रिपोर्ट उद्या जायचाय.”

“एकच रन लावते. संध्याकाळपर्यंत होईल.”

डबा तसाच राहिला. गटाची यादी काढून बघितली, तर वजनाबरोबर ब्रेकच्या लायनिंगची, म्हणजे घासून चाक थांबवणाऱ्या पट्टीची, पकडही त्यात होती. पकड वाढली की बस लवकर थांबते, वजन वाढलं की उशिरा. आम्ही दोन्ही एकदम वाढवलं होतं. रस्सीखेचीत दोन्हीकडून सारखाच जोर लागला, दोर जागचा हलला नाही.

या वेळी मी फक्त वजन वाढवलं. संध्याकाळी स्क्रीनवरची बस बरीच पुढे जाऊन थांबली.

सरांनी स्वतः क्लायंटला फोन लावला. “भरलेल्या बसची टेस्ट कराच.”

“अहो, काल फोनवर तर फरक पडत नाही म्हणालात!”

“काल म्हणालो होतो. आज बघून सांगतोय.”

वाळूची पोती भरून ट्रॅकवर बस पळवली. थांबायची रेघ ओलांडून ती पुढे गेली. मग लायनिंग बदललं.

फरक शून्य आला की मला अजूनही चैन पडत नाही. कॉम्प्युटर विचारलं तेवढंच सांगतो. आम्ही त्याला एकट्या वजनाबद्दल विचारलंच नव्हतं.