तात्या दारात आले की

गिधाडतात्या कुणाच्या घरात शिरत नसत. अंगणात उभे राहायचे, मान वर करून आढ्याकडे बघायचे आणि मग एखादी जुनी वस्तू मागायचे. त्यांनी वस्तू मागितली की वर्षाच्या आत त्या घराची जमीन जाते आणि तिथे गोडाऊन उभं राहतं, असा आमच्या दिघाशी गावात सगळ्यांचा ठाम समज होता. तो खोटा ठरावा असं फारसं काही घडतही नव्हतं. म्हणून तर असलं नाव पडलं. तोंडावर मात्र सगळे नुसतं ‘तात्या’ म्हणत.

तात्यांची नोकरी जमीन मोजणी खात्यात गेली होती, मापाची साखळी धरण्यात. निवृत्त झाल्यावर त्यांनी शाळेची जुनी खोली मागून घेतली आणि तिथे स्वतःचं संग्रहालय मांडलं. बाहेर पाटी होती, ‘जुन्या वस्तू. आत या. चपला बाहेर.’ आत दळायची जाती, इरली, धान्य मापायच्या पायल्या, नांगराचे फाळ. प्रत्येक वस्तूखाली पुठ्ठ्यावर फक्त घराचं नाव. वस्तूचं नाव का नाही, असं मी एकदा विचारलं. “जातं कुणाला ठाव न्हाय?” ते म्हणाले. “घर इसरतात लोक.” त्या खोलीत मला कधी दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबवत नसे. पुठ्ठ्यावरच्या निम्म्या घरांच्या जागी तेव्हाच पत्र्याच्या भिंती होत्या.

बायका त्यांना लांबून येताना पाहूनच दार लोटून घेत. ते वळले की मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकत. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की घरात जुनं काही नसलंच तर तात्या मागतील काय? झालं! पितळेची घंगाळं, पाटे, लाकडी पेट्या, सगळं भंगारवाल्याच्या टेम्पोत चढलं. आम्ही सुपातले, जात्यातल्यांना हसत होतो. घंगाळं गेली आणि मागून जमिनीही गेल्या.

एक सवय मात्र त्यांची कुणाच्या लक्षात येत नसे. वापरात असलेली वस्तू ते नेत नसत. डोंगराकडच्या पाड्यावर एका म्हातारीकडे त्यांनी मासे धरायचा बांबूचा सापळा मागितला. मी आणि आई तिथे रानभाजी घ्यायला थांबलो होतो. म्हातारी उसळून म्हणाली, “यानं काल मासं धरलं. आमी काय मेलो हाव?” तात्यांचा चेहरा असा खुलला की जणू तिने त्यांना जेवायलाच बसवलं. हात हलवत गेले.

आणि मग एका सकाळी ते आमच्या अंगणात उभे. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. तात्यांनी आढ्याकडे बघितलं आणि आईला म्हणाले, “वैनी, ती कणगी देता का?” आई कमरेवर हात ठेवून म्हणाली, “भात हाय तिच्यात. आनि फुडल्या वर्साबी असंल.” “शेतावर गेलावता का हल्ली?” एवढंच विचारून तात्या निघाले. आईने मीठ हातात घेतलं होतं, ते तिने परत बरणीत टाकलं. मला म्हणाली, “चल.”

बांधावर लाल रंगाच्या खुणा होत्या, ओल्या. दोन अनोळखी माणसं फीत धरून होती आणि त्यांच्याशी हसून बोलत माझा भाऊ उभा होता. सोमवारी तो आईला रेशनकार्डाच्या कामाला म्हणून भिवंडीला नेणार होता. काम जमीन विकायच्या सहीचं होतं, ते आम्हाला तिथेच कळलं. आई ओरडली नाही. “सोमवारी मी येनार न्हाय,” म्हणाली आणि मागे फिरली. तिच्या सहीवाचून व्यवहार होत नव्हता. भाऊ सहा महिने बोलला नाही, पण शेत राहिलं.

दुसऱ्या दिवशी आई तात्यांच्या खोलीत गेली. चप्पल न काढताच. “तुमाला ठाव व्हतं तर तोंडानं सांगायचं ना!” तात्या पुठ्ठा कापत होते. “कसा सांगू, वैनी? पोरगा तुमचा. दुसऱ्याच्या घरात काडी कशी टाकू? बांधावर रंग दिसला का मी जातो आनि आपली वस्तू मागतो. शानी बाई काय ती समजते.”

“किती जनी समजल्या?”

त्यांनी भिंतीकडे हात केला. “ह्यातली एक बी वस्तू मला नको व्हती. बायका न्हाय म्हनतील म्हनून मागितली. त्यांनी देऊन टाकली.”

आई खाली बसली आणि रडली. मी तिला बाबा गेले तेव्हाही तशी रडताना पाहिलं नव्हतं. मला मात्र गावाचा राग आला, अजून येतो. इतकी वर्षं ज्याने तुमच्याचसाठी दारोदार शिव्या खाल्ल्या त्याच्या मागे तुम्ही मिरच्या जाळल्या! तात्यांना त्याचं काही नव्हतं. “जळू देत,” म्हणायचे, “मिरच्या त्यांच्याच हायेत.”

मागल्या पावसाळ्यात तात्या गेले. खांदा द्यायला माणसं कमी पडली, तेव्हा माझा भाऊ पुढे झाला. खोलीची किल्ली आईने घेतली. आता तीच पदर खोचून लाल खुणा बघत बांधांवरून हिंडते. लोक तिलाही नावं ठेवायला लागलेत. ठेवोत.

माझं सासर अंबाडीजवळ. गेल्या गुरुवारी आई न सांगता आली. अंगणातच थांबली. चहा टाकते म्हटलं, तर नको म्हणाली. माझ्याकडे न बघता तिने विचारलं, “तुजा पाटा देतेस का मला?”

“अगं, आत्ता चटणी वाटलीय त्यावर,” मी हसत म्हणाले.

ती हसली नाही. माझ्या गालावरून हात फिरवून वळली आणि चालू लागली. आमचे हे पडवीत फोनवर बोलत होते. मी आत वळले तसं त्यांनी बोलणं थांबवलं.